ओळख पटल्याशिवाय

बँकेतील नोकरीची माझी पहिली काही वर्षे धनादेशांवरील सह्या पडताळण्यात गेली. समोर आलेली सही नमुन्याच्या सहीशेजारी ठेवावयाची; पहिल्या अक्षराचे वळण, मधला जोड, शेवटचा फटकारा असे एकेक पाहावयाचे आणि सगळे जुळल्याखेरीज धनादेश पुढे सरकवावयाचा नाही, ही शिस्त अंगी मुरलेली होती. खातेदार रोजच्या ओळखीचा असला तरी तीत सवलत नसे. छत्तीस वर्षे पाळलेली ही शिस्त निवृत्तीनंतर एका दुपारी हिमालयातील पायवाटेवर मी विसरलो आणि त्याचा त्रास माझ्या सात वर्षांच्या नातवाला सोसावा लागला.

दसऱ्याच्या सुटीत आम्ही कुमाऊंमध्ये, नैनीताल जिल्ह्यातील रामगढला गेलो होतो. बांज, म्हणजे डोंगरी ओक, या वृक्षांच्या सावलीतून जाणारी वाट. कडेच्या गवतातून एक जाड हिरवा दांडा वर आलेला. पाने पिवळी पडून वाळून गेलेली. दांड्याच्या टोकाला मात्र लालभडक, टपोऱ्या दाण्यांचे कणीस. “आजोबा, हे काय?” नातवाने विचारले. ‘माहीत नाही’ असे म्हणणे आजोबांच्या जिवावर येते. “जंगली मका असावा,” असे सांगून मी मोकळा झालो. मी छायाचित्र काढण्यात गुंतलो आणि त्याने दोन दाणे खुडून तोंडात टाकले.

दुसऱ्याच क्षणी तो किंचाळला. ओठांना, जिभेला सुया टोचत आहेत असे रडत सांगू लागला. वरच्या बांधावरून गवताचा भारा घेऊन एक बाई उतरत होत्या. त्यांनी भारा तिथेच टाकला, धावत येऊन त्याच्या तोंडातले दाणे बोटाने बाहेर काढले, पुन्हा पुन्हा चुळा भरावयास लावल्या आणि जवळच्या आपल्या घरी नेऊन वाटीभर थंड दही दिले. “साहब, यह तो साँप की मक्का है. यह आदमी के खाने की चीज़ नहीं,” असे त्या मला म्हणाल्या. दाणे गिळलेले नव्हते म्हणून निभावले. दोन-तीन तासांत ओठांची सूज उतरली. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. चूक मुलाची नव्हतीच. त्याने माझ्या सहीवर विश्वास ठेवला होता आणि ती सही मी न पडताळता केली होती.

पुढच्या जूनमध्ये मी आणि सौभाग्यवती मुद्दाम त्याच गावी पुन्हा गेलो. त्या बाईंना आम्ही आता दीदी म्हणू लागलो होतो. त्यांच्याबरोबर त्याच वाटेने हिंडलो, पुस्तके चाळली, आणि ज्या वनस्पतीने मला खजील केले तिची ओळख पहिल्यापासून करून घेतली.

ही वनस्पती सुरणाच्या कुळातील. शास्त्रीय भाषेत या कुळाला ॲरेसी म्हणतात. जगभर याच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत. हे कुळ ओळखण्याची पहिली खूण म्हणजे त्याचे फूल. किंबहुना आपण ज्याला फूल म्हणतो ते. मध्ये एक मांसल दांडी असते, तिला स्थूलकणिश म्हणतात. खरी फुले अगदी बारीक असून या दांडीला चिकटलेली असतात. दांडीभोवती एकच मोठे पान गुंडाळलेले असते, तो महाछद. हिमालयातील सापकांद्यात हा महाछद फणा काढलेल्या नागासारखा पुढे झुकतो. लोकांनी या झाडाचे नाते सापाशी जोडले आहे ते यामुळेच. नेपाळमध्येही त्याला ‘सर्पको मकै’ म्हणतात. मराठीत ‘सापकांदा’ हेच नाव आपल्या सह्याद्रीतील भाऊबंदांना आहे. पावसाळ्याच्या आरंभी महाबळेश्वराच्या बाजूला ते दिसतात. शास्त्रज्ञ या गटाला ॲरिसीमा म्हणतात. त्याच्या सुमारे २०० जाती आहेत आणि हिमालय हे त्यांचे एक मोठे माहेरघर आहे.

आता प्रत्यक्ष ओळख. जून महिन्यात दीदींनी एकाच उतारावर दोन निरनिराळे सापकांदे दाखविले. मला ते आधी एकसारखेच वाटले. पहिल्याच्या फण्यातून एक लांब, चाबकासारखी दोरी बाहेर निघून वाकडी होत वर गेलेली होती. ती दोरी म्हणजे स्थूलकणिशाचेच वाढलेले टोक. हा ॲरिसीमा टॉर्टुओसम. त्याच्या पानाची दले एका बिंदूतून निघत नाहीत; देठाच्या टोकाला कमानीसारखा आडवा कणा असतो आणि त्यावर ती ओळीने बसलेली असतात. दुसऱ्याचा फणा हिरवा, त्यावर पांढऱ्या उभ्या रेघा, आणि फण्याचेच टोक शेपटीसारखे निमुळते होत गेलेले. त्याच्या पानाची दले मात्र हाताच्या बोटांसारखी एकाच जागेतून फाकलेली. हा ॲरिसीमा जॅकमाँटाय. म्हणजे लांबट टोक दोघांनाही आहे. परंतु पहिल्यात ते आतल्या दांडीचे आणि दुसऱ्यात बाहेरच्या फण्याचे. सह्यांमध्येही खोटेपणा उघड होत असे तो अशाच एखाद्या वळणावरून.

या दुसऱ्या जातीच्या नावामागे एक माणूस आहे, आणि त्याच्या आयुष्याचा शेवट आपल्या मुंबईत झाला. व्हिक्टर जॅकमाँ हा फ्रेंच निसर्ग-अभ्यासक पॅरिसच्या संग्रहालयातर्फे १८२९ मध्ये भारतात आला. हिमालय, पंजाब आणि काश्मीर पालथे घालून त्याने वनस्पती गोळा केल्या. ७ डिसेंबर १८३२ रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी तो मुंबईत वारला. कुमाऊंच्या वाटेवर दर पावसाळ्यात उगवणारे हे झाड त्याचे नाव आजही वागवीत आहे.

त्याच परिसरात, थोड्या खालच्या उंचीवर, आणखी एक नातलग भेटतो: सॉरोमॅटम व्हेनोसम. याचेही पान कमानीवर बसविलेल्या दलांचे असते, त्यामुळे ते टॉर्टुओसमचे समजून फसगत होते. फरक बुडाशी पाहावा. सापकांद्यात पानांचे देठ एकमेकांना वेढून खोडासारखा एक उभा दांडा तयार होतो आणि फूलही त्यातूनच वर येते. सॉरोमॅटमचे पान जमिनीतून एकटेच थेट वर येते, देठावर बहुधा गडद ठिपके असतात, आणि फूल त्याआधीच उन्हाळ्यात जमिनीलगत उमलून गेलेले असते. त्या फुलाला कुजक्या मांसासारखी दुर्गंधी येते. ती पसरावी म्हणून दांडी चक्क तापते. तिचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा कित्येक अंशांनी वाढते. ही उष्णता कशामुळे सुरू होते याचा शोध १९८७ मध्ये लागला. त्यामागे सॅलिसिलिक आम्ल होते, म्हणजे ॲस्पिरिनचे जवळचे नातलग असलेले द्रव्य.

दीदींनी सांगितलेली एक गोष्ट मला आधी दंतकथा वाटली होती. “यह एक साल नर, एक साल मादा,” असे त्या म्हणाल्या. वाचल्यावर कळले की त्या बरोबरच सांगत होत्या. पुष्कळ सापकांद्यांत झाडाचे लिंग कंदात साठलेल्या अन्नावर ठरते. कंद लहान असेल तर झाड केवळ नर-फुले धरते, कारण परागांना खर्च थोडा. काही वर्षांत कंद भरला की तेच झाड मादी-फुले धरून फळाचा मोठा खर्च उचलते. त्या खर्चाने कंद रिता झाला की पुढच्या हंगामात ते पुन्हा नर होते किंवा फुलतच नाही. शिल्लक पाहून खर्च ठरविण्याचा हा व्यवहार या झाडाला कोणत्याही चोपडीवाचून साधला आहे. या व्यवहाराला एक कठोर बाजूही आहे. परागीभवन करणारी बारीक चिलटे वासाने फण्यात उतरतात. नर-फुलाच्या तळाशी बाहेर पडावयास लहानशी फट असते. मादी-फुलात ती नसते. पराग पोहोचविणारे चिलट बहुधा तिथेच संपते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. नातवाला सुया टोचल्यासारखे वाटले, ते त्याचे शब्द अक्षरशः खरे होते. या कुळातील बहुतेक वनस्पतींच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांच्या जुड्या असतात. चावले की पेशी फुटून त्या सुया ओठांत, जिभेत, घशात घुसतात. मग आग होते आणि सूज येते. आपल्या घरांत कंद वर्ज्य असल्याने सुरणाची ओळख ऐकीव. परंतु अळूची पाने आपल्याला परकी नाहीत. नीट न शिजलेल्या अळूने घसा खवखवण्याचा अनुभव कोणत्याही गृहिणीला विचारावा. अळूच्या फतफत्यात चिंच आणि पात्र्याच्या पिठात आंबट घालण्याची रीत चवीसाठी आहेच, पण ती खाज मारण्यासाठीही आहे. ठाणे-रायगडकडे पावसाच्या तोंडाशी मिळणाऱ्या शेवळ्याच्या भाजीत काकडाची आंबट फळे घालतात, तीही याच कारणाने; शेवळा हा याच कुळातला. कुमाऊंमध्ये अळूच्या पानांचे ‘पत्यूड़’ आणि कांगड्यात ‘पतरोडू’ होतात. पीठ लावून गुंडाळलेली ती पाने समोर आली तेव्हा सौभाग्यवती म्हणाली, “अहो, हा तर आपला पात्रा!”

इथेच धोका आहे. घरचे पान डोंगरावर भेटले की हात आपोआप पुढे जातो. ओढ्याच्या काठी अळूसारखी दिसणारी किमान तीन पाने असतात. खऱ्या अळूत देठ पानाच्या खाचेत न जुळता थोडा आत, पानाच्या पाठीला जुळतो. पान खाली झुकते आणि त्यावर पाणी ठरत नाही. अळवावरचे पाणी हा आपला वाक्प्रचार म्हणजे ओळखण्याची खूणच आहे. ॲलोकेशिया या त्याच्या नातलगाचे मोठे पान चकचकीत असते, बहुधा टोक वर करून उभे राहते आणि देठ बहुतेक वेळा थेट खाचेत जुळलेला असतो. तिसरा रुखाळू, शास्त्रीय नाव रेमुसॅशिया व्हिव्हिपेरा. हा सह्याद्रीतही आहे आणि हिमालयातही. शेवाळलेल्या खडकांवर आणि झाडांच्या बेचक्यांत तो वाढतो. त्याच्या उभ्या फांद्यांवर बारीक आकड्यांच्या कंदिका येतात, त्या जनावरांच्या केसांना चिकटून दूरवर जातात. इतके सर्व जुळले आणि पान खरोखर अळूचेच ठरले, तरीही जंगली अळू घरच्यापेक्षा पुष्कळदा कितीतरी अधिक खाजरे असते. म्हणून ओळख पटली म्हणजे ते खाण्याजोगे ठरले असे नव्हे. त्या दोन निराळ्या पडताळण्या आहेत. दीदींच्या घरी पत्यूड़साठी पाने येत ती परसातल्या लावलेल्या अळूची. ओढ्याकाठची त्या कधीच तोडीत नसत.

पोटापाण्याच्या अडचणीपायी डोंगरातील लोकांनी विषारी कंदही खाण्याजोगे केले, हाही इतिहास आहे. १८४८ ते १८५० या काळात सिक्कीममध्ये हिंडलेल्या जोसेफ हुकर यांनी लिहून ठेवले आहे की तेथील लोक असे कंद ठेचून पाण्याच्या खड्ड्यांत आंबवीत आणि मग खात. पिढ्यांच्या अनुभवाने आलेली ती विद्या. पाहुण्याने एका दिवसात उचलावी अशी नव्हे.

व्यापारी घरांना जवळचे वाटेल असे एक उदाहरण याच कुळात आहे. काष्ठौषधींच्या दुकानांत गजपिंपळी मिळते. हिमालयाच्या पायथ्याच्या उष्ण, दमट जंगलांपासून बंगाल-आसामपर्यंत सिंडॅप्सस ऑफिसिनॅलिस नावाची एक वेल मोठ्या वृक्षांना मुळांनी धरून वर चढते. पाने मोठी, अखंड. फळ जाड कणसासारखे. त्या कणसाच्या आडव्या चकत्या कापून वाळवितात, तीच गजपिंपळी असे भारताच्या आयुर्वेदीय औषधकोशात मानले आहे. परंतु सोळाव्या शतकातील भावप्रकाशात चवकाच्या फळाला गजपिंपळी म्हटले आहे, आणि चवक हा मिरीच्या कुळातला. नाव एक, वनस्पती दोन, कुळेही दोन. वेखंडाचे उदाहरण उलट्या बाजूचे. कणसासारख्या फुलामुळे त्याला पुष्कळ काळ सुरणाच्या कुळात मोजीत. परंतु त्याच्या पेशींत त्या सुया नाहीत, आणि पुढे आनुवंशिक अभ्यासानंतर त्याचे स्वतंत्र कुळ मानले गेले. तात्पर्य, मालाच्या पोत्यावर नुसते प्रचलित नाव लिहिलेले पुरत नाही. कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग, कोठून आलेला, हे खरेदीच्या कागदावर असावे. ग्राहक आपल्या शब्दावर ते पोटात घेणार असतो.

रामगढहून परतल्यावर आमच्या वयोवृद्ध काकूंना सर्व हकीकत सांगितली. त्या शांतपणे एवढेच म्हणाल्या, “वंकचूलाची गोष्ट विसरलास वाटते.” राजपुत्र असून दरोडेखोरांचा नायक झालेल्या वंकचूलाने आचार्यांकडून जे मोजके नियम घेतले, त्यांतील एक अनोळखी फळ न खाण्याचा होता. रानात भुकेल्या साथीदारांनी सुंदर दिसणारी फळे खाल्ली आणि ते मेले. फळाचे नाव कोणालाच सांगता येईना, म्हणून वंकचूल उपाशी राहिला आणि वाचला. बावीस अभक्ष्यांच्या यादीतही अनोळखी फळ आहेच. लहानपणी ती यादी पाठ करताना हा नियम मला सर्वांत सोपा वाटे; कारण अनोळखी फळ आपण कशाला खाऊ? आता कळते की अडचण फळ अनोळखी असण्याची नसते. आपण त्याला घाईघाईने एखादे ओळखीचे नाव देऊन टाकतो, आणि मग ते अनोळखी वाटेनासे होते. मी ‘मका’ म्हणालो, तेव्हा तो नियम माझ्याच तोंडून मोडला.

हिमालय दूर आहे, आपल्याला काय करावयाचे, असे कोणी म्हणू नये. दिवाणखान्यातील मनीप्लँट, डिफेनबाकिया, सिंगोनियम, मॉन्स्टेरा, अँथुरियम ही सर्व याच कुळातील झाडे आहेत आणि त्यांच्या पेशींतही त्याच सुया आहेत. घरात रांगते मूल असेल तर ही कुंड्या उंचावर ठेवण्याची झाडे आहेत. छाटणी करताना चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. हात साबणाने धुवावेत.

चुकून कोणी चावलेच, तर तोंडातील तुकडे काढून टाकावेत, भरपूर चुळा भराव्यात, थंड पाणी, दूध किंवा दही द्यावे. मुद्दाम उलटी करवू नये. वर येताना तेच पुन्हा घसा सोलते. डोळ्यांत गेले तर वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावे. घसा सुजू लागला, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास वाटला, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे आणि त्या झाडाचा तुकडा किंवा छायाचित्र बरोबर न्यावे. काय खाल्ले हे डॉक्टरांना कळले तर उपचार लवकर होतात.

डोंगरात जाणाऱ्यांसाठी मी स्वतःपुरती एक रीत ठरविली आहे. झाड दिसले की पाच गोष्टी वहीत लिहितो: ते कोठे उगवले आहे, देठ पानाला कोठे जुळतो, दले कशी मांडलेली आहेत, फण्याचा रंग आणि टोक कसे आहे, व फळ असल्यास कसे. पाचांपैकी एक जरी जुळली नाही तरी नाव लिहीत नाही, जागा कोरी ठेवतो. माझ्या वहीत आज पुष्कळ कोऱ्या जागा आहेत. पूर्वी तपासणीच्या वेळी कोरी जागा म्हणजे दोष ठरे. इथे ती प्रामाणिकपणाची नोंद आहे.

परवा आमच्या सोसायटीच्या बागेत नातवाने एका झुडपावरील जांभळी फळे दाखवून विचारले, “आजोबा, ही कसली?” मी वाकून पाहिले, देठ पाहिला, पान उलटून पाहिले आणि म्हणालो, “बाळा, मला माहीत नाही. विचारून सांगतो.” त्याने हात मागे घेतला आणि दोन्ही हात पाठीशी बांधून माझ्याबरोबर माळीबुवांना शोधावयास निघाला.